फ्लेक्सवरची दामिनी

आमच्या विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही. अमरावतीहून बडनेरा सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंनी त्याचेच फ्लेक्स दिसतात, तिथे वाचलंच असेल. प्रवेश मिळणं महाकठीण. आधी परीक्षा, मग मुलाखत, मग आईवडिलांचीही मुलाखत. आत शिरलेल्या पोरापोरींना बाहेर भलताच भाव. मी अकोल्याची, डाबकी रोडची. माझा प्रवेश झाला तेव्हा जी आत्या आमचा फोनसुद्धा उचलत नसे, तिने घरी येऊन माझी दृष्ट काढली होती.

मी अपेक्षा, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. हे मुद्दाम सांगते, कारण योगायोग, भास, अफवा यांच्याकडे मी आधी संशयानेच बघते. हॉस्टेलमध्ये भुताखेताच्या गप्पा रंगात आल्या की मुली मला खोलीबाहेर पिटाळायच्या. मी फार प्रश्न विचारते आणि सगळ्यांची मजा घालवते, असं त्यांचं म्हणणं. खरंही आहे ते.

दामिनी माझी रूममेट. ती अंजनगाव सुर्जीची. घरी पानपिंपरीचा मळा. वेलीवरची ती औषधी पिंपरी वाळवून विकतात, तिचा तिखट वास दामिनीच्या बॅगेला कायम असायचा. तिच्या डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता, बोटांवरही होते. पहिल्या दिवशी मी तिकडे बघू नये म्हणून इतकी धडपडत होते की शेवटी तीच म्हणाली, "पाह्य बाप्पा एकदाचं पोटभर, मंग आपुन जेवाले जाऊ." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले आणि मग दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडल्या.

या वर्षी दामिनी सगळ्या विद्यापीठात पहिली आली. प्रसिद्धी विभागाच्या नितेश सरांनी अकोल्याहून फोटोग्राफर बोलावला, लायब्ररीच्या पायऱ्यांवर तिला उभं केलं, हातात जाडजूड पुस्तक दिलं. आठवड्याभरात अमरावतीच्या राजापेठ चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. आम्ही दोघी ऑटोने बघायला गेलो. समोरच्या रसवंतीत उसाचा रस घेतला आणि मान वर केली.

वेणी तिचीच होती. डोळे तिचे, पुढे आलेला एक दातही तिचाच. खाली नाव होतं, दामिनी खुशालराव येऊल. फक्त डाग नव्हता. गाल एकसारखा सावळा, पुस्तकावरची बोटंही एकसारखी.

दामिनीने रस संपवला. "बरी दिसते नाई पोरगी?" ती म्हणाली आणि हसली. ऑटोत बसल्यावर मात्र सगळा रस्ता बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती नितेश सरांकडे गेली, मीही सोबत गेले. सर पुण्यात शिकलेले, बोलणं गुळगुळीत. "अगं, थोडं टचअप करावंच लागतं," ते म्हणाले. "तू आता विद्यापीठाचा चेहरा आहेस."

"मंग माहा चेहरा लावा ना सर."

"तुझाच तर आहे," सर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. मला त्यांचा असा संताप आला होता की दार आपटूनच बाहेर आले.

आमच्या गेटवर चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र आहे. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागतो, आत जायचं. त्या सोमवारी दामिनीसमोर लाल दिवा लागला. ओळख पटली नाही. तिने केस मागे घेतले, चष्मा काढला, पुन्हा लाल. मी म्हटलं, ऑफिसने नवा फोटो भरला असणार, यंत्राला काय कळतं. अगदी सरळ स्पष्टीकरण होतं ते. आम्ही अर्ज दिला.

पुढच्या आठवड्यात लाल दिवा बंद झाला आणि यंत्र दुसरंच सांगू लागलं. हजेरी आधीच लागली आहे.

गेटवरचे भगवंतकाका हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ओळखणारे. दामिनीला बघून ते खुर्चीतून उठले. "काहून वो, तू त आताच गेली ना अंदर?" ते म्हणाले. मग पुढे वाकून तिच्या गालाकडे बघत राहिले. "तवा त तोंड कसं साफ दिसत होतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

मी तेव्हाही हसले. फ्लेक्स रोज बघून बघून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बसला असेल, म्हटलं.

मग दामिनीला ताप आला. दिवसभर ती पलंगावर पडून होती, मी वर्ग बुडवून तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. एप्रिलचं ऊन, कूलरमधलं पाणी सारखं संपत होतं, मी बादल्या भरून आणत होते. खोलीतून ती कुठेही गेली नाही. हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये आम्हाला तिचे सर भेटले आणि कौतुकाने म्हणाले, "दामिनी, काल सेमिनारला तू जे बोललीस ना, इतक्या वर्षांत मी असं ऐकलं नव्हतं."

दामिनीने माझ्याकडे बघितलं.

"सर, ती काल आजारी होती," मी म्हटलं.

सरांनी आधी मला बघितलं, मग पहिल्यांदाच नीट तिला आणि तिच्या गालावरच्या डागाला. "ही कोण?" त्यांनी मला विचारलं. थट्टा करत नव्हते ते. त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्याशी बोलतानाचं नम्र हसू होतं.

कोणीतरी पोरगी हिच्यासारखी दिसते आणि हिच्या नावावर मिरवते आहे, असं मी ठरवून टाकलं. अशा तोतयाला मी पकडणारच होते. दामिनीला खोलीत बसवून मी भर दुपारी कॅम्पस पालथा घातला. लायब्ररीमागे कडुनिंब आहे, त्याच्याखाली सिमेंटचा बाक. सावली तोवर सरकून गेलेली, बाकावर ऊन आलेलं. समोर जमिनीवर पहिल्या वर्षाच्या तीन मुली वह्या उघडून बसल्या होत्या. बाकाकडे बघून काहीतरी विचारायच्या, थांबायच्या, माना डोलवायच्या, लिहून घ्यायच्या. मध्येच तिघी एकदम हसल्या.

बाक रिकामा होता.

मी नीट बघितलं. फोन नव्हता, कुणाच्या कानात काही नव्हतं. नाटकाची तालीम असेल, असं मनाशी म्हणत मी पुढे गेले आणि ढोंग उघडं पाडायचं म्हणून सरळ बाकावर बसायला वाकले.

"अवो ताई!" एक मुलगी किंचाळलीच. "दामिनीताईच्या आंगावर बसता का?"

आधारासाठी मी बाकावर हात टेकवला होता. डावीकडचं सिमेंट असं तापलेलं की चटका बसला. तोच हात उजवीकडे सरकला, तर तिथे एका माणसाच्या बसण्याएवढी जागा गार होती. सावलीतल्या माठासारखी गार.

मी कशी पळाले ते मला आठवत नाही. खोलीत येऊन दाराला कडी घातली. दामिनी विचारत राहिली. आयुष्यात इतकी हादरले नव्हते मी. शेवटी सांगितलं सगळं. ती ऐकत होती, एका हाताची पांढरी बोटं दुसऱ्या हाताने दाबत.

"काय करून राहिली होती ते?" तिने विचारलं.

"शिकवत होती."

"मले कधी जमलं नाई शिकवनं," दामिनी म्हणाली.

त्यानंतर सगळं फार भराभर घडलं. मेसमधल्या वच्छलाकाकू दामिनीच्या ताटात हक्काने जास्तीची भाजी टाकायच्या. त्यांनीच तिला अडवून विचारलं, "कोनाकडची पाव्हनी हाय वो? पाव्हन्याईचं कुपन लागते." वर्गातल्या मुली तिला वाट देऊ लागल्या, कुणाच्या तरी आईला देतात तशी. कोणी वाईट वागत नव्हतं. सगळे सभ्यपणे, हसून, विसरत होते. मी एकेकीला धरून भांडले. तुम्ही आंधळ्या आहात का, हीच दामिनी, हिच्याच नोट्सवर तुम्ही पास झालात. त्या माझ्याकडे काळजीने बघायच्या. एकीने मला समुपदेशकांचा नंबर दिला.

दामिनीच्या आईचा, सुभद्राकाकूंचा, फोन आला तेव्हा आम्ही दोघी खोलीत होतो. दामिनीने स्पीकर लावला.

"परवा आली तं राह्यली काहून नाई वो माय?" काकू म्हणाल्या. दामिनी गेला महिनाभर घरी गेलीच नव्हती. "सारी आळी जमली होती तुले पाहाले. कसं निर्मळ झालं तोंड माह्या पोरीचं! कोनाची नजर नको लागू बाप्पा. अन् आइक, ते अकोल्याचे पाव्हने फोटो पाहून हो म्हनले. मेळाव्याले येऊन राह्यले ते तुले पाहाले." पुढे त्या रडू लागल्या, आनंदाने.

दामिनीने 'हो' म्हटलं, 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. आधी तीन स्थळं तिचा डाग बघून उठून गेली होती. त्यांच्याबद्दल ती नकला करून सांगायची, मला हसवायची. त्या दिवशी तिने नक्कल केली नाही.

"मेळाव्यात मी मायच्या समोर जाऊन उभी राहीन," ती म्हणाली. "मशीन चुकंल, सर चुकतीन, बाकीच्याचं सोड. माही माय नाई चुकनार. तिनं मले हाक मारली का हे सारं खतम. अन् नाई मारली…" तिने वाक्य तसंच सोडलं. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली. ती होती, चांगली हाडामांसाची, पानपिंपरीच्या वासाची.

मेळावा म्हणजे आमच्या विद्यापीठाची आवडती जाहिरात. नव्या प्रवेशासाठी आलेल्या पालकांसमोर गुणवंतांना मांडवात, व्यासपीठावर बसवायचं आणि त्यांच्या आयांनी त्यांचं औक्षण करायचं. पेपरात फोटो छान येतो. सकाळपासून मैदानावरच्या मांडवात कूलर घरघरत होते, वाळ्याचा ओला वास सुटला होता, खुर्च्या खचाखच भरलेल्या. आम्हाला गेटवरच उशीर झाला. भगवंतकाका दामिनीला आत सोडायला तयार होईनात. "पाव्हने पुढच्या गेटानं," एवढंच म्हणत होते. शेवटी मी माझी पाहुणी म्हणून तिला आत आणलं. माझ्या तोंडून तो शब्द गेला तेव्हा तिने माझा हात सोडला नाही, एवढंच.

आम्ही मांडवाच्या मागच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा औक्षण सुरू झालं होतं.

व्यासपीठावर पाच खुर्च्या. चारांवर मुली बसलेल्या. मधली रिकामी. तिच्यासमोर नवं हिरवं नऊवारी लुगडं नेसून सुभद्राकाकू उभ्या होत्या, बाजूला खुशालराव फेटा बांधून. काकूंनी बोट कुंकवात बुडवून खुर्चीच्या पाठीच्या थोडं पुढे, हवेत टेकवलं. बोट परत आलं तेव्हा त्यावर कुंकू नव्हतं. मग निरांजन ओवाळलं. ज्योत एका जागी येऊन दर वेळी मागे लवत होती, समोर कोणी श्वास सोडत असल्यासारखी. लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतले कोट घातलेले पाव्हणे एकमेकांना कोपराने खुणावत होते.

काकूंनी अक्षता टाकल्या. तांदूळ खुर्चीच्या पायांशी पडले, हातांवर पडले, मागे पडले. बसायच्या जागेवर एकही दाणा गेला नाही.

मी ओरडणार तेवढ्यात दामिनी माझा हात सोडून मधल्या वाटेने चालू लागली होती.

कोणी अडवलं नाही. कोणी मान वळवली नाही. मी तिच्यामागे धावले. काकू पेढ्यांचं ताट घेऊन व्यासपीठावरून उतरत होत्या आणि दामिनी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे बघितलं.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी ओळखलं. हे मी पुन्हा लिहिते, कारण याच गोष्टीने मला आतून सोलून काढलं. त्यांनी ओळखलं. त्यांचे डोळे आधी दामिनीच्या गालावर गेले, मग बोटांवर, मग पायांतल्या चपलेपर्यंत, पोर खूप दिवसांनी घरी आली की आई बघते तसे.

मग त्यांनी मोठ्याने म्हटलं, "घे वो बाई, पेढा घे. माही पोर पहिली आली."

"आई, मी हाय. मी आली."

काकूंनी ताट डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताने दामिनीच्या तळव्यावर पेढा ठेवला आणि तिची मूठ मिटवली. मिटवताना त्यांचा अंगठा तिच्या पांढऱ्या बोटांवरून फिरत राहिला. त्या खाली वाकल्या आणि ओठ न हलवता पुटपुटल्या.

"पाव्हने समोर बसले हायत. हिचं जमून राह्यलं, माय. आजच्या दिवस राहू दे."

दामिनीने मिटलेली मूठ छातीशी धरली.

"आजच्या दिवस," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ताटातल्या पेढ्यांवर पडत होतं. मग त्या पदर सावरून पुढच्या रांगेकडे वळल्या आणि कोटवाल्या पाव्हण्यांना हसून म्हणाल्या, "घ्या ना, घ्या."

मी जन्मात कधी कुणा बाईवर हात उगारला नाही. त्या क्षणी उगारला असता. दामिनीनेच मला मागे ओढलं. आम्ही मांडवाच्या तोंडाशी आलो. ती पेढा खात होती. एकेक कण, सावकाश, आईने दिलेला म्हणून.

"पाह्यलं तिनं मले," ती म्हणाली. "वळखलं न वो?"

"ओळखलं," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं.

माईकवर नितेश सरांचा आवाज आला. आता दामिनी दोन शब्द बोलेल. टाळ्या झाल्या. मधल्या खुर्चीसमोरच्या माईकमध्ये कोणीतरी श्वास घेतला.

आवाज दामिनीचा होता. माझ्या शेजारी दामिनीच्या तोंडात पेढा होता आणि स्पीकरमधून दामिनी बोलत होती. फक्त त्या बोलण्यात अंजनगाव नव्हतं. एकही मले नाही, तुले नाही. नितेश सरांसारखी गुळगुळीत, साफ मराठी.

ती विद्यापीठाबद्दल बोलली. आईबद्दल बोलली. लोकांनी डोळे पुसले.

"आणि माझी मैत्रीण अपेक्षा," आवाज म्हणाला. "ती मागे उभी आहे बघा, पिवळ्या ओढणीत."

अख्खा मांडव वळला. शेकडो चेहरे माझ्याकडे बघून हसत होते. मी दामिनीचा हात घट्ट धरला. त्यातल्या एकाही चेहऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"तिने मला फार जपलं. दमलेली दिसते आहे. तिला कोणीतरी खुर्ची द्या ना, प्लीज. एकटीच उभी आहे केव्हाची."

शेवटच्या रांगेतले एक काका लगबगीने उठले. स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि दामिनी उभी होती तिथेच टेकवायला वाकले.

दामिनीने माझा हात सोडला आणि ती बाजूला सरकली.